परदेशात खर्चाचे पैसे: किती न्यावेत, कुठे ठेवावेत, कसे काढावेत

शनिवारची संध्याकाळ होती. बँक बंद, आणि तिच्या भिंतीतल्या एटीएमने माझं कार्ड गिळलेलं. पडद्यावर परक्या भाषेत दोन ओळींची सूचना आली आणि यंत्र पुन्हा स्वागताच्या चित्रावर गेलं. बँक उघडणार सोमवारी सकाळी, माझं परतीचं विमान रविवारी रात्री. खात्यात पैसे पुरेसे होते, खिशात मात्र एका जेवणापुरते. बरोबरच्या मित्राने निभावून नेलं, नाहीतर विमानतळ गाठणंही कठीण होतं. त्या प्रवासाला मी एकच कार्ड घेऊन गेलो होतो.

तेव्हापासून निघण्याआधी मी पैसे मोजतोच, पण त्याआधी वाटा मोजतो. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेने पैसा माझ्यापर्यंत पोचेल का? आणि ती दुसरी वाट खरोखर वेगळी आहे, की पहिलीलाच कुठेतरी जाऊन मिळते? सहलीतल्या पैशांचं नियोजन बहुतेक या दोन प्रश्नांत येतं.

एके काळी ही काळजी ट्रॅव्हलर्स चेकने बरीचशी मिटवली होती. अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ मध्ये ते आणले. चेक विकत घेताना एक सही करायची आणि वटवताना समोरच्या माणसादेखत दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पैसे. चेकांचे क्रमांक वेगळ्या कागदावर उतरवून वेगळ्या पिशवीत ठेवायचे. चेक हरवले तर त्या क्रमांकांच्या आधारे भरपाई मिळे. आज हे चेक वटवून देणारी जागा सापडणंच मुश्किल आहे, पण त्यांच्यामागची कसोटी अजून उपयोगी पडते: चोराच्या हाती लागलं तर ते त्याला वापरता येईल का, आणि हरवलं तर मला परत मिळेल का? रोख रक्कम या कसोटीवर साफ नापास होते. चिपचं कार्ड बऱ्यापैकी उतरतं. फोनमधलं कार्ड त्याहून बरं, पण फोनचं स्वतःचं एक दुखणं आहे, त्याकडे पुढे येतो.

कार्डं: दोन तरी, आणि एकमेकांशी संबंध नसलेली

दोन कार्डं घ्या, पण दोन वेगळ्या बँकांची. एक व्हिसाचं असेल तर दुसरं मास्टरकार्डचं. बँकेच्या सुरक्षा यंत्रणेला परक्या देशातला व्यवहार संशयास्पद वाटला की ती कार्ड थांबवते, आणि त्याच बँकेचं तुमचं दुसरं कार्डही त्याच वेळी अडू शकतं. पती-पत्नी दोघांकडे एकेक कार्ड आहे म्हणून निश्चिंत राहणारी जोडपी पुष्कळ. ती दोन्ही कार्डं एकाच खात्याची असतील तर वाट एकच आहे. एकाचं हरवलं आणि खातं गोठवलं की दुसऱ्याचंही थांबतं.

जायच्या देशात आपली कार्डं मुळात चालतात का, हे तिकीट काढतानाच पाहावं. रशियात मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांत दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं चालत नाहीत. इराणमध्येही ती चालत नाहीत, तिथे जाणारे प्रवासी रोख घेऊन जातात. चीनमध्ये दुकानातला मोठा व्यवहार अलीपे आणि वीचॅट पे यांच्या क्यूआर कोडवर होतो. या ॲपमध्ये आता परदेशी कार्ड जोडता येतं, पण ओळख पडताळणी आणि जोडणी घरी असतानाच उरकलेली बरी. उलट लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख घेतच नाहीत.

डेबिट आणि क्रेडिट कार्डाचं काम वाटून घ्यावं. एटीएममधून रोख काढायची ती डेबिट कार्डाने. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर बहुतेक बँका वेगळं शुल्क लावतात आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला सहसा लागू नसते. दुकान, हॉटेल, तिकिटं यांसाठी मात्र क्रेडिट कार्ड चांगलं. त्याच्यावर खोटा व्यवहार झाला तर वादातली रक्कम तुमच्या उधारीच्या खात्यावर असते. डेबिट कार्डावर झाला तर तुमचे स्वतःचे पैसे आधी जातात आणि मग ते परत मिळवायला भांडावं लागतं. सहल चालू असताना हा फरक फार मोठा असतो.

हॉटेल आणि भाड्याची गाडी यांचा एक वेगळाच पेच आहे. खोलीची किल्ली देताना हॉटेल कार्ड मागतं आणि भाड्यावर आणखी काही रक्कम अनामत म्हणून ‘अडकवून’ ठेवतं. ही रक्कम कापली जात नाही, पण वापरताही येत नाही. समजा डेबिट कार्डाच्या खात्यात ६०० युरोंइतके पैसे आहेत आणि गाडीवाल्याने ५०० अडकवले, तर उरलेल्या सहलीसाठी तुमच्या हाती १०० राहिले. गाडी परत केली की रक्कम लगेच सुटेल असं धरून चालू नका, कधीकधी त्याला कित्येक दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर हेच झालं तर फक्त उधारीची मर्यादा तेवढी घटते. गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्डच मागतात, त्याचं कारण हेच. आरक्षण भावाच्या कार्डावर आणि गाडी चालवणार तुम्ही, असं असेल तर काउंटरवर अडचण येऊ शकते.

तिसरा पर्याय म्हणजे आधी पैसे भरून न्यायचं प्रवासी कार्ड, ज्याला फॉरेक्स कार्डही म्हणतात. त्याचा मोठा गुण असा की त्यामागे तुमचं मुख्य खातं नसतं. चोरीला गेलं तर नुकसान त्यात भरलेल्या रकमेपुरतं. भरतानाच दर ठरतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज नीट बांधता येतो. पण कार्डात डॉलर भरलेत आणि खर्च येनमध्ये केलात तर पुन्हा रूपांतर होतं आणि त्याचं शुल्क लागतं. ज्या चलनात खर्च होणार तेच चलन भरा. अनामतीसाठी हे कार्ड सहसा वापरू नये.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू आहे का ते पाहा. दुकान, ऑनलाइन आणि एटीएम यांची परवानगी अनेकदा वेगवेगळी असते आणि नेमकी एटीएमची बंद राहून गेलेली असते. पिन आकड्यांनीच पाठ करा. काही जण कीपॅडवरच्या अक्षरांवरून शब्द लक्षात ठेवतात, आणि कित्येक देशांतल्या कीपॅडवर अक्षरं नसतातच. पिन चारपेक्षा जास्त आकडी असेल तर परदेशात तो चालतो का हे बँकेला विचारून घ्या. काही ठिकाणी यंत्रं चारच आकडे घेतात.

फोन: सगळ्यात सोयीची वाट, आणि म्हणूनच सगळ्यात नाजूक

ॲपल पे किंवा गुगल पेमध्ये कार्ड घातलं की दुकानाच्या यंत्राकडे कार्डाचा खरा क्रमांक जात नाही. त्या फोनपुरता एक पर्यायी क्रमांक तयार होतो आणि प्रत्येक व्यवहारासोबत एकदाच चालणारा संकेत जातो. दुकानाची नोंदवही उद्या कुणी चोरली तरी तुमचं कार्ड सुरक्षित. वर चेहरा, बोट किंवा कोड लागतोच. म्हणजे नुसत्या कार्डापेक्षा ही पद्धत भक्कम आहे.

आता तोच फोन चोरीला गेला असं धरा. कार्ड गेलं. बँकेचं ॲप गेलं, म्हणजे कार्ड बंद करायची सोय गेली. सिमही त्यातच, म्हणजे ओटीपी येणार त्या चोरीच्या फोनवर. बँकेचा नंबर फोनमध्ये, घरच्यांचे नंबर फोनमध्ये, हॉटेलचा पत्ता फोनमध्ये, पासपोर्टचा फोटोही फोनमध्ये. पाच वाटा होत्या असं वाटत होतं, त्या पाचही एकाच दारातून जात होत्या. माझ्या मते आजच्या प्रवाशाने सर्वांत जास्त विचार इथे करायला हवा, आणि नेमका तोच केला जात नाही. कारण रोजच्या आयुष्यात फोन सहसा दगा देत नाही.

उपाय अवघड नाहीत. कार्डाचं खरं प्लॅस्टिक बरोबर असू द्या, आणि ते फोनच्या कव्हरमध्ये नको. फोनला मोठा कोड ठेवा आणि सिमलाही वेगळा पिन लावा, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी दिसणार नाहीत. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा. गर्दीत कोड टाकताना हात आडवा धरा. आधी कोड टिपायचा आणि मग फोन हिसकावायचा, ही चोरांची माहितीतली पद्धत आहे. आयफोनमध्ये यासाठी २०२४ च्या जानेवारीत ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आलं. ते चालू असेल तर ओळखीच्या जागेबाहेर, चोराला कोड माहीत असला तरी चेहरा किंवा बोट पटल्याशिवाय महत्त्वाचे बदल करता येत नाहीत आणि काहींना तासाभराची वाट पाहावी लागते.

परदेशात उतरल्यावर तिथलं सिम घेऊन आपलं सिम काढून ठेवणाऱ्यांनी ओटीपीचा विचार करावा. आपलं सिम रोमिंगवर चालू ठेवून दुसरं ई-सिम घेता आलं तर दोन्ही साधतं. ईमेलसाठी दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर तिचे राखीव कोड कागदावर उतरवून घ्या. गुगल असे दहा कोड देतं. परक्या शहरात, नव्या किंवा मागून घेतलेल्या फोनवर ईमेल उघडण्यासाठी त्यातला एक पुरतो.

आणि बॅटरी. लंडनच्या भुयारी रेल्वेत जाताना आणि उतरताना एकाच कार्डाने किंवा एकाच फोनने टॅप करावं लागतं. आत शिरताना फोन लावला, वाटेत तो बंद पडला आणि बाहेर पडताना त्याच खात्याचं प्लॅस्टिकचं कार्ड लावलं, तर यंत्रणा त्याला वेगळं कार्ड समजते आणि दोन अर्धवट प्रवासांचे जास्तीचे पैसे लागतात.

रोख: थोडी, विभागलेली, चांगल्या नोटांची

कार्डं कितीही असली तरी रोख लागतेच. छोटी दुकानं, बाजार, स्वच्छतागृह, खेड्यातली बस, वीज गेलेलं हॉटेल. किती न्यावी याचा एकच आकडा नाही, पण मी असा हिशेब करतो: सगळी कार्डं बंद पडली तर दोन रात्रींचा निवारा, जेवण आणि विमानतळापर्यंतचं भाडं निघेल एवढी. बाकीची तिथेच एटीएममधून.

नोटांची निवड महत्त्वाची. डॉलर सगळीकडे चालतात असं म्हणतात, पण काही देशांत चुरगळलेली, फाटलेली, शिक्का किंवा लिखाण असलेली नोट नाकारतात, आणि जुन्या छपाईची शंभराची नोट दाखवली की मान हलते. अमेरिकेच्या दृष्टीने जुनी नोटही वैधच असते, पण काउंटरवर बसलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही. २०१३ पासून चलनात आलेल्या, मधोमध निळी पट्टी असलेल्या स्वच्छ नोटा घ्या. घरात मागच्या सहलीतून उरलेल्या नोटा असतील तर त्या अजून चालतात का ते तपासा. ब्रिटनच्या कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून युरो स्वीकारला, त्यामुळे तिथला कुना आता बाजारात चालत नाही. इक्वाडोर आणि एल साल्वादोर अमेरिकी डॉलरच वापरतात, तिथे जाताना वेगळं चलन शोधत बसायला नको.

मोठी रक्कम नेणाऱ्यांसाठी सीमेचा नियम. अमेरिकेत शिरताना किंवा तिथून निघताना १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरली जाते, वाटून घेतल्याने सुटका होत नाही. युरोपीय संघाच्या सीमेवर हा आकडा १०,००० युरो, आणि तिथे तो गाठला की जाहीर करायची. या रकमा नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे. जाहीर न केलेली रोख जप्त होऊ शकते. काही देशांचं स्वतःचं चलन बाहेर नेताच येत नाही. ट्युनिशियाचा दिनार त्यांपैकी एक. अशा ठिकाणी थोडेथोडे बदलावेत आणि बदलल्याच्या पावत्या जपाव्यात, परत जाताना उरलेले पैसे उलट बदलून घ्यायला त्या लागतात.

आता ठेवण्याचं. जुनी माणसं पैसे कनवटीला लावत, ती पद्धत अजून चांगलीच आहे. सदऱ्याच्या आत कमरेला बांधायचा सपाट पट्टा किंवा विजारीचा चोरकप्पा यांत राखीव रोख आणि दुसरं कार्ड. वरच्या पाकिटात फक्त त्या दिवसाचे पैसे आणि एक कार्ड. चोरकप्प्याला रस्त्यावर हात लावायचाच नाही. तिथून पैसे काढताना कुणी पाहिलं की तो चोरकप्पा राहत नाही. काढायचेच झाले तर स्वच्छतागृहात किंवा खोलीत. तिसरा वाटा खोलीवर, सामानात खोलवर. हॉटेलच्या तिजोरीवर मी फार विसंबत नाही, कारण पाहुणा कोड विसरला तर ती उघडायची सोय हॉटेलकडे असतेच. पण सगळं अंगावर घेऊन समुद्रात उतरण्यापेक्षा ती बरी.

दर आणि एक साधा दिसणारा प्रश्न

चोरीची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात बहुतेक प्रवाशांचे पैसे चोरीत जात नाहीत, ते दरात जातात. आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन चलनांमधला बाजारातला मधला दर असतो, जो इंटरनेटवर दिसतो. पैसे बदलून देणारा काउंटर तुम्हाला परकं चलन त्याहून महाग विकतो आणि परत घेताना त्याहून स्वस्तात घेतो. समजा मधला दर ५० आहे. काउंटरवर विक्री ५३ ने आणि खरेदी ४७ ने. १०० परकी नाणी घेतलीत, ५,३०० दिलेत. सहल रद्द झाली आणि तिथेच परत केलीत, ४,७०० मिळाले. काहीही खर्च न करता ६०० गेले, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त. दारावर ‘कमिशन नाही’ अशी पाटी असली तरी हा भुर्दंड तसाच राहतो, कारण त्यांची कमाई दरातच दडलेली असते. म्हणून पाटी वाचू नका, विचारा: एवढे पैसे दिले तर माझ्या हातात नक्की किती येतील? विमानतळावरचे काउंटर बहुधा महाग असतात. तिथे बदलायचेच तर शहरात पोचण्यापुरते.

कार्डाचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरवतं आणि तो मधल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर तुमची बँक स्वतःची टक्केवारी लावते. ती किती, हे बँकेच्या शुल्कपत्रकात असतं, निघण्याआधी पाहून घ्या.

आता तो प्रश्न. दुकानात कार्ड लावलं की यंत्र विचारतं: पैसे इथल्या चलनात द्यायचे की तुमच्या स्वतःच्या चलनात? आपलं ओळखीचं चलन दिसलं की बरं वाटतं, आकडा समजतो, आणि माणूस तेच निवडतो. ही निवड महागात पडते. आपल्या चलनाचा पर्याय घेतला की रूपांतर तुमची बँक करत नाही, दुकानाच्या बाजूची कंपनी करते, स्वतःच्या दराने. त्या फरकातला वाटा दुकानालाही मिळतो. वरचंच उदाहरण घेऊ: १०० चं बिल, मधला दर ५०. तुमची बँक ३ टक्के लावत असेल तर ५,१५० जातील. समोरच्या कंपनीने ७ टक्के लावले तर ५,३५०. आणि व्यवहार परदेशात झाला म्हणून काही बँका त्यावरही आपलं शुल्क घेतात. युरोपीय संघात २०२० पासून हा फरक युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवणं बंधनकारक आहे, तिथे तो वाचून पाहा, डोळे उघडतात.

त्यामुळे नेहमी तिथलं चलन निवडा. दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, सगळीकडे. एटीएमवर हा प्रश्न अवघड शब्दांत येतो: ‘खात्रीशीर दर स्वीकारा’ असं मोठं बटण आणि ‘रूपांतराशिवाय पुढे जा’ असं लहान. लहानच दाबायचं. रूपांतर नाकारलं तर पैसे मिळणार नाहीत की काय अशी भीती वाटते, पण व्यवहार होतो, फक्त तुमच्या बँकेच्या दराने. दुकानदाराने न विचारता आपल्या चलनात बिल काढलं तर ते रद्द करून पुन्हा काढायला सांगा. निवड करण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे, तसा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे.

पिन टाकण्याआधी रक्कम नीट वाचा. जर्मनीत १.५०० म्हणजे दीड हजार असतात आणि १,५० म्हणजे दीड, टिंब आणि स्वल्पविरामाची कामं उलटी आहेत. कुवेतच्या दिनारात दशांशानंतर तीन आकडे असतात, जपानच्या येनमध्ये एकही नाही. मेक्सिकोतल्या फलकावर डॉलरचं चिन्ह दिसलं तर ते पेसो असतात.

एटीएमपाशी

बँकेच्या इमारतीतलं यंत्र वापरा, बँक उघडी असताना. माझं कार्ड सोमवारी सकाळी गिळलं गेलं असतं तर दहा मिनिटांत परत मिळालं असतं. पर्यटकांच्या गल्लीत, दुकानाबाहेर उभी असलेली स्वतंत्र यंत्रं बहुधा जास्त शुल्क घेतात आणि रूपांतराचा आग्रहही त्यांचाच मोठा. एका वेळी तीन ठिकाणी पैसे कापले जाऊ शकतात: यंत्रवाल्याचं शुल्क, तुमच्या बँकेचं शुल्क, आणि दरावरची टक्केवारी. पहिली दोन शुल्कं बऱ्याचदा दर वेळेला ठरलेली असतात, म्हणून रोज थोडे काढण्यापेक्षा तीन-चार दिवसांचे एकदम काढावेत आणि लगेच विभागून ठेवावेत.

कार्ड घालायची खाच हलवून पाहा. ती सैल असेल, रंग वेगळा असेल किंवा वर काही चिकटवल्यासारखं वाटलं तर दुसरं यंत्र शोधा. पिन टाकताना दुसरा तळवा कीपॅडवर धरा, कारण वर बारीक कॅमेरा असू शकतो. कार्ड आत अडकलं आणि तेवढ्यात एक सज्जन गृहस्थ पुढे येऊन ‘पुन्हा पिन टाका, सुटेल’ म्हणाले, तर पिन टाकू नका. खाचेत फास लावून कार्ड अडकवायचं, पिन पाहून घ्यायचा आणि प्रवासी निघून गेला की कार्ड काढून न्यायचं, ही जुनी युक्ती आहे. तिथेच उभं राहून, शक्य तर दुसऱ्या फोनवरून, कार्ड बंद करा.

एक लहान गोष्ट, पण तिने पुष्कळ कार्डं गेली आहेत. काही देशांत यंत्र आधी नोटा देतं आणि मग कार्ड. ज्याला उलट सवय आहे तो नोटा घेऊन चालू लागतो.

नवीन चलन हातात आलं की खोलीत बसून दहा मिनिटं नोटा पाहा. व्हिएतनामची २०,००० आणि ५ लाख डाँगची नोट दोन्ही निळसर, घाईत एकीच्या जागी दुसरी दिली जाते, आणि किमतीत २५ पट फरक आहे. टॅक्सीतून उतरताना नोट देताना तिचा आकडा मोठ्याने म्हणा. ‘तुम्ही लहान नोट दिलीत’ असं म्हणायला मग जागा उरत नाही. साध्या वेशातला कुणी ‘पोलीस आहे, बनावट नोटा तपासायच्यात’ म्हणून पाकीट मागू लागला तर पाकीट देऊ नका, जवळच्या चौकीत चला म्हणा.

हरवलंच तर

आधी कार्ड बंद, मग बाकी सगळं. कार्डामागचा मदतीचा नंबर कार्डाबरोबरच गेलेला असतो, आणि देशांतर्गत निःशुल्क नंबर परदेशातून अनेकदा लागत नाही. म्हणून बँकेचा परदेशातून लावायचा पूर्ण नंबर, देशाच्या क्रमांकासह, कागदावर हवा. त्याच कागदावर प्रत्येक कार्डाचे शेवटचे चार आकडे, विम्याचा नंबर आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. पिन मात्र कुठेच नको. या कागदाच्या दोन प्रती करा, एक सामानात, एक सहप्रवाशाकडे. ट्रॅव्हलर्स चेकच्या क्रमांकांची जुनी शिस्त ती हीच.

पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत घ्या, विमा कंपनी ती मागतेच. रोख रकमेची भरपाई विम्यात सहसा थोडीच असते किंवा नसते, पॉलिसीतली ती ओळ घरीच वाचावी. तातडीने पैसे हवे असतील तर घरून वेस्टर्न युनियन किंवा मनीग्रामने पाठवता येतात. मिळालेला क्रमांक आणि ओळखपत्र दाखवून तुम्ही रोख घेता. म्हणून पासपोर्ट आणि पैसे एकाच पाऊचमध्ये ठेवू नयेत, दोन्ही एकदम गेले तर हा मार्गही बंद होतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड बँकेच्या संमतीने तात्पुरतं कार्ड किंवा तातडीची रोख पोचवण्याची व्यवस्था करतात, त्याबद्दल कार्ड बंद करतानाच विचारा. आपल्या देशाचा दूतावास पासपोर्टसाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी मदत करतो, पण तिथे जाऊन खर्चाला पैसे मिळतील असं गृहीत धरू नये.

परत येताना

नाणी आधी खर्च करा, पैसे बदलणारे काउंटर सहसा नोटाच घेतात. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलाचा काही भाग उरलेल्या रोख रकमेत आणि बाकीचा कार्डाने, असं सांगितलं तर बरेचदा चालतं. काही विमान कंपन्या युनिसेफच्या ‘चेंज फॉर गुड’ उपक्रमासाठी पाकिटं फिरवतात, १९८७ पासून हा उपक्रम चालू आहे. उरलेली चिल्लर तिथे मुलांच्या कामी येते.

घरी पोचल्यावर परदेशी वापर बंद करा, पण खात्याचा उतारा पुढचा महिनाभर पाहत राहा. अडकवलेली अनामत सुटली का, तीच रक्कम दोनदा लागली का, न ओळखता येणारं काही आलंय का. भाड्याच्या गाडीचा टोल किंवा पार्किंगचा दंड कित्येक आठवड्यांनीही कार्डावर येतो, त्यामुळे गाडी परत केल्याची पावती तोवर फेकू नका.